बँकेत जाऊन येतो

गेली अकरा वर्षं मी पुण्यात नोकरी करतो आणि दर शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास ऑफिसातून बाहेर पडतो. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलंच तर सांगतो, "बँकेत जाऊन येतो." कधी बँक, कधी मुलीची शाळा, कधी दातांचा डॉक्टर. एवढी दातदुखी असलेल्या माणसाच्या तोंडात एव्हाना एकही दात उरायला नको होता. खरं तर मी जुम्याच्या नमाजला जातो. मला कोणी कधी अडवलं नाही आणि टोमणाही मारला नाही. खोटं बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या शुक्रवारी ते तोंडातून निघून गेलं आणि मग चालूच राहिलं.

या लेखात खरं तर एका परिषदेबद्दल लिहायचं होतं. २८ ते ३१ मे २०२४ या चार दिवसांत कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसच्या विकासकांची परिषद झाली, तिला मी गेलो होतो. पण त्या प्रवासाचा विचार केला की दर वेळी ही बँक आडवी येते. म्हणून आधी तीच सांगून टाकली.

मी डेटाबेसच्या कामात आहे. डेटाबेस म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांत लवकर अब्बांना कळलं. अब्बा कराडला मुद्रांक विक्रेते आणि दस्तलेखक होते. तहसील कचेरीच्या बाहेर टेबल, वर ताडपत्री, शेजारी टाइपरायटर. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, वारसांचा अर्ज असं दिवसभर लोकांची नावं लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी एकदा त्यांना सांगत होतो की आमच्या डेटाबेसात एखादी नोंद बदलली तरी जुनी नोंद लगेच खोडली जात नाही. नवी नोंद वेगळी लिहिली जाते आणि जुनी तशीच राहते, कारण त्याच क्षणी दुसरं कोणी ती वाचत असेल तर त्याचा हिशेब मध्येच बिघडू नये. अब्बांनी क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे सात-बाराच की."

बरोबर होतं. सात-बारावर जमीन विकली गेली की जुन्या मालकाचं नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात, शेजारी फेरफार क्रमांक टाकतात आणि खाली नवं नाव चढवतात. कोणाकडून कोणाकडे गेलं, ते सगळं दिसत राहतं. फरक एवढाच, की पोस्टग्रेसमध्ये जुनी नोंद कोणालाच लागेनाशी झाली की मागाहून एक झाडणी होते आणि ती जागा मोकळी केली जाते. हे ऐकून अब्बा अस्वस्थ झाले. "झाडून टाकतात? मग उद्या वाद झाला तर?" गंमत म्हणजे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९८६ साली मायकल स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेसचं काम सुरू केलं तेव्हा त्यांचाही विचार अब्बांसारखाच होता. जुन्या नोंदी ठेवायच्या आणि अमुक तारखेला काय स्थिती होती हे विचारता यावं. पुढे जागा आणि वेग यांच्या हिशेबात ती सोय १९९७ च्या सुमारास काढून टाकली गेली. कराडच्या दस्तलेखकाला ती पटली असती.

अब्बांचा दुसरा प्रश्न होता, "मालिक कौन है इसका?" आमच्या घरात बोलणं दखनीत आणि लिहिणं मराठीत. मी म्हणालो, मालक कोणी नाही. बर्कलीचं काम थांबल्यावर अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये त्यात एसक्यूएल घातलं, १९९६ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं, आणि तेव्हापासून जगभरातली माणसं ते मिळून लिहितात. कोणीही फुकट वापरावं, बदलावं, विकावंसुद्धा. पगार देणाऱ्या कंपन्या अनेक आहेत, पण त्यातल्या एकीचीही त्यावर मालकी नाही. मूळ प्रतीत बदल नोंदवण्याचा अधिकार तीसेक लोकांनाच असतो आणि तोही वर्षानुवर्षं काम पाहून दिलेला असतो. बाकी कोणीही बदल सुचवावा. त्यावरची चर्चा ईमेलवर सगळ्यांसमोर होते आणि कायम जपून ठेवली जाते.

"वक्फ आहे म्हणायचं," अब्बा म्हणाले. "आणि ते तीस जण मुतवल्ली."

वक्फचं नाव निघालं की आपल्याकडे पुढे काय काय आठवतं ते वाचकांना सांगायला नको. मालक नसलेली वस्तू नीट सांभाळणं हे मालकीपेक्षा अवघड काम आहे. अब्बांनी कचेरीबाहेर बसून अशी प्रकरणं बरीच पाहिली होती. त्यामुळे त्यांनी लगेच विचारलं, "मग मुतवल्लीने खाल्लं तर?" मी म्हणालो, प्रत्येक ओळ कोणी, कधी, का बदलली हे सगळ्यांना दिसतं. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण मान हलवली.

आता मी तिथे का गेलो ते सांगतो. आमच्या मोहल्ल्यातल्या काही मंडळींनी दहावी-बारावीच्या मुलांसाठी छोटी शिष्यवृत्ती सुरू केली आहे. अर्ज फोनवरून भरायचा, गुणांची यादी शाळेकडून यायची, दोन्ही जुळवून निवड व्हायची. जुळवणारा प्रोग्राम मी लिहून दिला होता. फुकट, मोठ्या अभिमानाने. पहिल्या वर्षीच्या यादीत एक मुलगी राहून गेली. गुण चांगले होते, अर्ज वेळेत होता. तिच्या अम्मीने आमच्या अम्मीला विचारलं, "हमारी बेटी का नाम क्यों नहीं आया?" आवाज चढवून नाही, अगदी अदबीने. त्यामुळे ते जास्त लागलं.

मी रात्रभर शोधलं. मुलीच्या नावात 'ज़' होता, खाली नुक्ता असलेला. संगणकात हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: एक, 'ज़' म्हणून तयार अखंड अक्षर, दोन, साधा 'ज' आणि त्यापुढे वेगळा नुक्ता. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. आत मात्र वेगळे आकडे असतात. शाळेच्या यादीत एक होतं, फोनवरच्या अर्जात दुसरं. माझ्या प्रोग्रामने आकडे पाहिले आणि म्हणाला, या दोन वेगळ्या मुली आहेत. 'ख़', 'फ़', 'ग़', 'क़' यांचंही तेच. म्हणजे ही चूक नेमकी कोणाच्या नावांना लागणार होती ते उघड आहे. कुलकर्णी आणि पाटलांच्या नावात नुक्ता नसतो.

चूक माझी होती. दोन्ही रूपं एकसारखी करून घेण्याची सोय युनिकोडमध्ये आहे आणि पोस्टग्रेसमध्येही तेरा क्रमांकाच्या आवृत्तीपासून त्यासाठी तयार फंक्शन आहे. मी ते वापरलं नव्हतं. मुलीचं नाव दुसऱ्या यादीत आलं, पैसेही मिळाले. पण तिच्या अम्मीचा प्रश्न माझ्यापाशी राहिला. मी त्या विषयाच्या मागे लागलो. पोस्टग्रेसमध्ये बाराव्या आवृत्तीपासून अशीही एक सोय होती की दिसायला सारखी असलेली अक्षरं आपोआप सारखी मानावीत. पण ती चालू केली की नावाचा काही भाग टाकून शोध घेता येत नसे. डेटाबेस सरळ नकार देई. म्हणजे 'नाज़िया' पूर्ण लिहिलं तर सापडेल, 'नाज़' पासून सुरू होणारी नावं मागितली तर नाही. शिष्यवृत्तीच्या यादीवर काम करणाऱ्या कारकुनाला नेमकं तेच लागतं. मी देवनागरीतली उदाहरणं जमवली, चालवून पाहिली आणि निष्कर्ष ईमेलने मांडले. एकदोघांनी उत्तरं दिली, शंका काढल्या, माझ्या दोन चुका दाखवल्या. पुढे कंपनी म्हणाली, परिषदेला जाऊन ये.

जायचं म्हणजे कागद आले. अब्बांच्या नावातला 'महंमद' आमच्या घरातल्या कागदांवर चार प्रकारे आहे. शाळेच्या दाखल्यावर महमद, सात-बारावर महंमद, रेशनकार्डावर मोहम्मद, आणि ७ मे रोजी लोकसभेचं मत द्यायला गेलो तेव्हा हातात आलेल्या चिठ्ठीवर आणखी एक. इंग्रजीत एका कागदावर 'ओ', दुसऱ्यावर 'ए'. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं काना-मात्रेसकट बरोबर लिहिणाऱ्या माणसाचं नाव कोणी एकदाही एकसारखं लिहिलं नाही. पूर्वी माझ्या पासपोर्टच्या वेळी यावरून एका कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या होत्या. शेवटी अब्बांनी स्वतःच प्रतिज्ञापत्र टाइप केलं, की वरील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. असं प्रतिज्ञापत्र त्यांनी लोकांसाठी किती वेळा केलं असेल त्याची गणती नाही. स्वतःसाठी पहिल्यांदाच. सही करताना म्हणाले, "सत्तर साल का हो गया, अब साबित कर रहा हूँ मैं कौन हूँ."

व्हँकुव्हरला पोचलो तेव्हा संध्याकाळचे आठ वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. मे महिन्याच्या अखेरीस तिथे सूर्य नऊनंतर मावळतो. मगरिब नऊनंतर, इशा अकराच्या आसपास आणि फज्र पहाटे तीनला. झोपायचं कधी हा प्रश्नच होता. खोलीत फोनवर किब्ला पाहिला तर बाण जवळजवळ उत्तरेला. मला वाटलं फोन बिघडला. आयुष्यभर पश्चिमेला तोंड करून नमाज पढलेला माणूस मी. मग डोक्यात पृथ्वीचा गोल आणून पाहिला. व्हँकुव्हरहून मक्केचा सगळ्यांत जवळचा रस्ता ध्रुवाच्या बाजूने जातो. खिडकीतून समोर खाडी आणि पलीकडे बर्फ असलेले डोंगर. चार दिवस मी त्या डोंगरांकडे तोंड करून उभा राहिलो.

परिषद शहराच्या मध्यभागी, सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या हार्बर सेंटर इमारतीत होती. खाली आगगाडीचं स्टेशन, थोड्या अंतरावर बोटी. पूर्वेला हेस्टिंग्ज रस्त्याने काही चौक चाललं की फुटपाथवर तंबू आणि घोंगड्या घेऊन पडलेली माणसं. श्रीमंत शहरातली ही गरिबी पहिल्या दिवशी मला पाहवेना. तिसऱ्या दिवशी मी इतरांसारखाच बाजूने निघून गेलो, हेही लिहून ठेवतो.

नोंदणीच्या टेबलावर गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं. त्यावर माझं नाव बरोबर होतं. साधी गोष्ट आहे, मी अर्जात जसं लिहिलं तसंच छापलं होतं. पण मी ते दोनदा वाचलं.

आत पाहिलं तर माझ्या कल्पनेपेक्षा सगळं साधं होतं. चकचकीत स्टेज नाही, मोठे पडदे नाहीत. वर्गखोल्या, कॉफीचे पिंप, भिंतीला टेकून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली माणसं. ज्यांची नावं दहा वर्षं ईमेलवर वाचली ते रांगेत पुढे उभे. सतराव्या आवृत्तीची पहिली चाचणी-प्रत २३ मेला, म्हणजे पाचच दिवसांपूर्वी बाहेर पडली होती, त्यामुळे सगळे थोडे दमलेले आणि थोडे खुशीत होते. मार्चमध्ये विमान अपघातात गेलेल्या सायमन रिग्ज यांचं नाव चहाच्या वेळी निघालं. एखाद्या तारखेपर्यंतचा डेटाबेस परत उभा करता येणं, मुख्य सर्व्हर चालू असताना त्याच्या जुळ्या प्रतीवर वाचन करता येणं, अशी त्यांची कामं आज आपल्या बँका आणि रेल्वेसारख्या ठिकाणी लागणारी. मी त्यांना कधी भेटलो नव्हतो. तरी मनातल्या मनात इन्नालिल्लाह म्हटलं.

दुसरा विषय जो तो काढत होता तो एक्सझेडचा. मार्चच्या अखेरीस पोस्टग्रेसचेच एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. दुसरा कोणी असता तर चहा पिऊन आला असता. त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला आणि निघालं असं, की जगभरच्या लिनक्स यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या मुक्तस्रोत साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. बसवणाऱ्याने दोन वर्षं नम्रपणे मदत करत विश्वास मिळवला होता. ते नाव खरं नसावं असंच सगळे मानतात. मला अब्बांचा मुतवल्लीवाला प्रश्न आठवला. आणि हेही मनात आलं, की खोट्या नावाच्या माणसाकडे कोणी प्रतिज्ञापत्र मागितलं नाही. त्याला पकडलं ते कागदांनी नाही, तर काम नीट पाहणाऱ्या एका माणसाने.

अक्षरांच्या क्रमावरही एक सत्र होतं, ते मी अधाशासारखं ऐकलं. डेटाबेस नावं अनुक्रमे लावून ठेवतो, शब्दकोशासारखी. तो क्रम तो बहुतेक वेळा संगणकाच्या मूळ प्रणालीकडून उसना घेतो. २०१८ साली लिनक्सच्या एका मूलभूत ग्रंथालयाच्या नव्या आवृत्तीत हा क्रम बराच बदलला. लोकांनी यंत्र अद्ययावत केलं आणि डेटाबेस जुन्या क्रमाने लावलेल्या फडताळात नव्या क्रमाने शोधू लागला. पुस्तक तिथेच, पण ग्रंथपाल म्हणतो, नाही. याच दुखण्यावर उपाय म्हणून सतराव्या आवृत्तीत न बदलणारा स्वतःचा एक क्रम दिला गेला. मला आपला 'ळ' आठवला. युनिकोडच्या आकड्यांत तो 'ल' च्या लगेच नंतर येतो. आपल्या बाराखडीत 'ह' नंतर. कोणता बरोबर? ज्याची यादी त्याने ठरवावं, एवढंच उत्तर आहे. म्हणून तर सोयी अनेक ठेवाव्या लागतात.

दुपारच्या जेवणाला मी भाजीचंच सँडविच घेत होतो. हलालबद्दल विचारायला नको म्हणून. भारतीय आहे म्हणजे शाकाहारीच असणार, असं समजून एका भल्या माणसाने मला दोन दिवस प्रेमाने सॅलड आणून दिलं. मी आभार मानत राहिलो. आमच्या मोहल्ल्यात हे कळलं तर मला बिरादरीतून काढतील. पाहा, बँकेचीच ही गोष्ट, फक्त खंड बदलला होता.

गुरुवारी संध्याकाळी एकटाच पाण्याच्या कडेने चालत कोल हार्बरपर्यंत गेलो. तिथे कोमागाटा मारूचं स्मारक आहे, २०१२ साली उभारलेलं. १९१४ च्या मे महिन्यात ३७६ हिंदुस्थानी प्रवाशांना घेऊन ही जपानी बोट याच खाडीत आली. गुरदित सिंग यांनी ती भाड्याने घेतली होती. तेव्हाचा कॅनडाचा नियम असा, की आपल्या देशातून न थांबता थेट आलेल्यालाच उतरता येईल. आणि हिंदुस्थानातून थेट बोट तर निघतच नव्हती. नियमात कोणाचं नाव नव्हतं, पण तो कोणासाठी केला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन महिने बोट किनाऱ्यासमोर उभी राहिली. वीसएक जणांना उतरू दिलं, बाकीच्यांना २३ जुलैला परत पाठवलं. कलकत्त्याजवळ बजबजला पोचल्यावर गोळीबार झाला आणि त्यात माणसं मेली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये. प्रवाशांत ३४० शीख, १२ हिंदू आणि २४ मुसलमान होते.

मी बाकावर बराच वेळ बसलो. माझा व्हिसा खिशात होता, पाण्यावरून छोटी विमानं उतरत होती. त्या चोवीस जणांनी बोटीवर दोन महिने जुम्याचं काय केलं असेल, असा एक विचार उगाच मनात आला. ते काय म्हणून सांगणार होते, बँकेत जाऊन येतो?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. परिषदेचा शेवटचा दिवस मोकळ्या चर्चांचा असतो. ठरलेली भाषणं नाहीत. ज्याला जो विषय हवा तो मांडायचा, बाकीचे कशात रस आहे ते सांगतात आणि मग वेळापत्रक बनतं. मी नुक्त्याचा आणि अर्धवट नावाच्या शोधाचा विषय मांडला. वाटलं कोणी येणार नाही. पण पुरेसे हात वर झाले. ज्यांच्या भाषा लॅटिन लिपीतल्या नाहीत ते तर होतेच, पण एक जर्मन बोलणारे गृहस्थही म्हणाले की त्यांच्या दोन टिंबांच्या अक्षरांची हीच रड आहे. फळ्यावर वेळ लागली: दुपारी दीड.

जुम्याची जमात एक भाड्याच्या सभागृहात दीडलाच होती. चालत वीस मिनिटांवर.

माझ्या मनात पहिल्या क्षणी आलं ते हे, की मी मुसाफिर आहे आणि मुसाफिरावर जुमा वाजिब नाही, जोहर पढता येते. हे खरंच आहे, शरियतने दिलेली सवलत आहे आणि कोणी ती घेतली तर त्यात काही वावगं नाही. पण मला माझं मन माहीत होतं. मी सवलत घेत नव्हतो. मला एवढ्या लोकांपुढे "मला त्या वेळी नमाज आहे" हे वाक्य उच्चारायचं नव्हतं. सवलतीच्या आड मी पुन्हा बँकच लपवत होतो.

फळ्यापाशी एक वयस्कर बाई वेळा लिहीत होत्या. ईमेलवर माझ्या दोन चुका त्यांनीच दाखवल्या होत्या. मी जवळ गेलो. घसा कोरडा पडला होता हे सांगताना आज हसू येतं. म्हणालो, "दीडला मला जमणार नाही. शुक्रवारची नमाज असते. वेळ बदलता येईल का?"

त्यांनी फळ्याकडे पाहिलं. "तीन चालेल?"

"चालेल."

त्यांनी दोन चिठ्ठ्या काढल्या, अदलाबदल करून चिकटवल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. एवढंच. अकरा वर्षं ज्याची भीती बाळगली ती गोष्ट दहा सेकंदांत संपली. मला जरा फसवल्यासारखंच वाटलं. निदान कोणी विचारायचं तरी, की कसली नमाज, कुठे, किती वेळ.

पण घाईने निष्कर्ष काढू नये. तिथे सोपं होतं, कारण तिथे माझ्या नमाजचा कोणाला काही अर्थच नव्हता. आपल्याकडे अर्थ लागतात. ऑफिसात बातम्यांवर बोलणं सुरू झालं की कोण गप्प बसतं आणि कोण का गप्प बसतं, हे मी अकरा वर्षं पाहिलंय. माझी भीती अगदीच हवेतून आलेली नव्हती. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी: माझ्या शेजारच्या टेबलावरच्याला मी कधी संधीच दिली नाही. तो कसा वागला असता हे मी त्याच्या वतीने ठरवून टाकलं होतं. दिसायला सारखी अक्षरं आतून वेगळी मानणारा माझा तो प्रोग्राम आणि मी, यात फार फरक नव्हता.

त्या सभागृहात सोमाली, बंगाली, अरब, फिजीचे हिंदुस्थानी, ऑफिसच्या कपड्यांतले आणि बांधकामाच्या बुटांतले असे सगळे. खुतबा इंग्रजीत. सफमध्ये माझ्या शेजारच्याने परिषदेचं ओळखपत्र पाहून विचारलं, हे काय? घाईत मी ते काढायलाच विसरलो होतो. माझं नाव गळ्यात तसंच लटकत होतं.

तीन वाजता चर्चा झाली. मी 'नाज़िया' दोन प्रकारे लिहून दाखवलं आणि शिष्यवृत्तीची हकिकत सांगितली, चूक माझी होती हेही. लोक हसले नाहीत. अर्धवट शोधाचं काम कसं करता येईल यावर फळा भरला. शेवटी कोणीतरी विचारलं, हे झालं की सगळी नावं सापडतील का? मी म्हणालो, नाही. कारण मराठीत बहुतेक लोक तेच नाव 'नाझिया' असं 'झ' ने लिहितात. ते वेगळं अक्षरच आहे. आणि महमद, महंमद, मोहम्मद एकच आहेत हे कुठलंही यंत्र आपणहून सांगू शकत नाही. जो त्या घरातला आहे, त्या गावातला आहे, त्यालाच ते माहीत असतं. यंत्राने सारखं दिसणारं सारखं मानावं, एवढं आपल्या हातात आहे. पुढचं काम कारकुनाचं. किंवा कचेरीबाहेर ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाचं.

मी परतलो तेव्हा बकरी ईद दोन आठवड्यांवर होती. अब्बांनी बोकड पाहून ठेवलं होतं आणि त्यांना परिषदेपेक्षा त्याचं वजन सांगण्याची घाई होती.

पहिल्या शुक्रवारी ऑफिसात एक वाजता मी उठलो. शेजारच्याने मान वर न करता विचारलं, "बँक?"

"नाही. जुम्याची नमाज."

तो थांबला. मग म्हणाला, "दर शुक्रवारी तिथेच जात होतास?"

"हो."

"अरे, मग बुधवारची मीटिंग मी शुक्रवारी दुपारी ठेवायचो तेव्हा सांगायचंस ना." त्याच्या आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. त्या मीटिंगांना मी उशिरा पोचायचो आणि तो माझी बाजू सावरून घ्यायचा, बँकेत गर्दी असेल म्हणून. खोटं मी एकटा बोलत नव्हतो, त्यालाही बोलायला लावत होतो. आता कॅलेंडरमध्ये शुक्रवारी एक ते दोन 'जुमा' असं लिहिलेलं असतं. सगळेच खूश आहेत असं नाही. एकाने विचारलं, हे नवीनच काय सुरू केलंस? मी म्हणालो, जुनंच आहे, नोंद आत्ता केली.

सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्टग्रेसची अठरावी आवृत्ती आली. अर्धवट नावाने शोधण्याची ती अडचण तीत दूर झाली आहे. ते काम माझं नाही; ज्यांनी केलं त्यांच्यापुढे मी नवशिका आहे. मी फक्त देवनागरीतली उदाहरणं चालवून पाहिली आणि जे दिसलं ते कळवलं. पण प्रत्येक आवृत्तीबरोबर हातभार लावणाऱ्या सगळ्यांची यादी छापतात, चाचणी करणारे आणि चूक कळवणारेही धरून. त्या लांबलचक यादीत, वर्णानुक्रमाने, माझं नाव आहे. मी त्या पानाची प्रत काढून कराडला नेली.

अब्बांनी चष्मा लावला. बोट धरून यादी वरून खाली वाचत गेले, कचेरीतली यादी वाचतात तशी. माझ्या नावापाशी थांबले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी कपाटातून माझ्या पासपोर्टची झेरॉक्स काढली आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"एक अक्षर वेगळं आहे," ते म्हणाले.

खरंच होतं. ईमेलवर मी वर्षानुवर्षं जसं लिहीत आलो तसंच त्यांनी छापलं होतं, आणि पासपोर्टवर वेगळं होतं. ही चूकही माझीच.

अब्बांनी टाइपरायटरवरचं कापड काढलं. "बैस," म्हणाले. "प्रतिज्ञापत्र करून ठेवू. पुढे लागेल."